'जांदार्म'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आला आहे: फ्रान्समधल्या बातमीचा अनुवाद करताना 'जांदार्मरी' (जांदार्म ज्यात असतात ते पोलीस दल) हा शब्द आला, 'लष्करी पोलीस' लिहिलं तर चालेल का?

माझ्या मते नको. 'लष्करी पोलीस' म्हटलं की जवानांच्याच शिस्तीवर नजर ठेवणारे पोलीस डोळ्यांपुढे येतात. जांदार्म तेही काम करतात, पण तो त्यांच्या कामाचा एक कोपरा. एरवी फ्रान्सच्या खेड्यात घरफोडी झाली की दारात उभा राहतो तो जांदार्मच.

फ्रान्समध्ये राष्ट्रीय पोलीस दलं दोन. शहरं 'पोलीस नासिओनाल'कडे; खेडी आणि लहान गावं जांदार्मरीकडे, म्हणजे देशाचा बहुतेक भूभाग. राजेशाहीतल्या 'मारेशोसे' या दलाला जांदार्मरी हे नाव १७९१ मध्ये मिळालं. २००९ पासून दोन्ही दलं गृहमंत्र्यांच्या हाताखाली आहेत, तरी जांदार्म कायद्याने सैनिकच. हुद्दे लष्करी, बिऱ्हाड बराकीतल्या क्वार्टरमध्ये, आणि कामगार संघटना काढायची सोय नाही. शहरी पोलिसांच्या संघटना मात्र चांगल्या जोरात. म्हणून 'निमलष्करी'ही बसत नाही. निम कशाला, दर्जा पुरता लष्करी आहे!

मूळ फ्रेंच शब्दांचा अर्थ 'शस्त्रधारी माणसं'. आपला 'फौजदार'ही फौजेतूनच पोलीस ठाण्यात आला, त्यामुळे तोच वापरायचा मोह होतो. पण आज फौजदार म्हणजे उपनिरीक्षक, आणि जांदार्म तर साधा शिपाईही असू शकतो. सरळ 'जांदार्म', 'जांदार्मरी' लिहा आणि जांदार्मरीच्या पहिल्या उल्लेखात 'लष्करी दर्जाचं पोलीस दल' एवढा खुलासा जोडा.

खरा खड्डा पुढे आहे. बातमीत 'गावची ब्रिगेड तपास करत आहे' असं येईल. ते तसंच ठेवलं तर वाचकाला वाटेल, चोर पकडायला हजारो सैनिक उतरले. जांदार्मरीची स्थानिक ब्रिगेड म्हणजे आपलं पोलीस ठाणं, कधी कधी जेमतेम चौकीएवढं. 'ब्रिगादिए'चंही 'ब्रिगेडियर' करू नका, तो खालचा हुद्दा आहे.

इटलीचे काराबिनिएरी (स्थापना १८१४) आणि स्पेनची 'ग्वार्दिया सिव्हिल' (१८४४) याच जातकुळीतले. तीही नावं तशीच ठेवावीत. 'ग्वार्दिया सिव्हिल'चं शब्दशः 'नागरी रक्षक दल' केलंत, तर वाचक होमगार्ड समजून पुढे जाईल.