167 सेंटिमीटर आणि तो एक दाखला

देवगडच्या मुलाने विचारलंय ते असं: 4 डिसेंबर 2023 ला नौदल दिनाच्या वेळी मालवणात पंतप्रधानांभोवतीचे जवान पाहिले, तेव्हापासून राष्ट्रप्रमुखांचा अंगरक्षकच व्हायचं डोक्यात घेतलंय. उंची 167. उंचीच्या सवलतीचा दाखला मागायला गेलो तर कचेरीत म्हणतात असा दाखलाच नसतो. आणि एक अकॅडमी दीड लाखात कमांडो कोर्स करून 'थेट आत' घेते म्हणते, तर पैसे भरू का?

पैशाचं आधी सांगतो. भरू नकोस. पंतप्रधानांचं संरक्षण करणारं विशेष दल म्हणजे एसपीजी, आणि तिच्यात थेट भरती होत नाही. तिथे माणसं प्रतिनियुक्तीवर, म्हणजे आपल्या दलातून ठराविक काळापुरती येतात, सीआरपीएफ, बीएसएफ, सीआयएसएफ, आयटीबीपी, एसएसबी अशा केंद्रीय दलांतून, काही राज्य पोलिसांतून. खासगी अकॅडमीचं सर्टिफिकेट फार तर खासगी सिक्युरिटीच्या नोकरीला चालेल. आई-वडिलांचे दागिने गहाण ठेवून हे कोर्स केलेली दोन मुलं मला माहीत आहेत, म्हणून एवढं जोर देऊन लिहितोय.

आणि तू 'राष्ट्रप्रमुख' लिहिलंयस. राष्ट्रप्रमुख म्हणजे राष्ट्रपती. त्यांचं अंगरक्षक दल ही 1773 साली उभी राहिलेली लष्कराची घोडदळाची तुकडी, आणि तिथली भरती मुख्यतः शीख, जाट, राजपूत यांच्यातून होते. त्यावर कोर्टात याचिकाही झाल्या. सहा फुटी लोकांचं काम आहे ते. तू मालवणात पाहिलेस ते एसपीजीवाले, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर त्यांचं काम पंतप्रधान, त्यांच्याबरोबर सरकारी निवासात राहणारं जवळचं कुटुंब आणि पद सोडल्यापासून पाच वर्षं माजी पंतप्रधान व त्यांच्याबरोबर राहणारं जवळचं कुटुंब एवढंच आहे. म्हणजे तुझी वाट केंद्रीय दलातून जाते. फॉर्म, परीक्षा, धावणं हे तू बघितलेलं असणारच.

आता दाखल्याचं. तुझं ते वाक्य वाचून मी पडवीत बराच वेळ बसून राहिलो, कारण मलाही हेच ऐकवलं होतं, जवळजवळ याच शब्दांत.

माझी उंची 166.5. केंद्रीय दलांत शिपायाला साधारण 170 लागते, पण गढवाली, कुमाऊनी, डोगरा, मराठा अशा काही गटांना 165 चालते. हे मला माहीत होतं. चूक पुढे झाली. माझ्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'हिंदू मराठा' लिहिलेलं होतं, मला वाटलं तेवढं पुरे. तरी एका शिक्षकांनी सांगितलं म्हणून कचेरीत गेलो. कुठली ते लिहीत नाही. खिडकीतल्या माणसाने मान वर न करता सांगितलं, "असा दाखला आम्ही देत नाही." दुसऱ्या खेपेला म्हणाला साहेब मीटिंगला गेलेत. तिसऱ्या खेपेला म्हणाला, "जातीचा दाखला आहे ना, मग आणखी काय पाहिजे?" घरून तिथे जायला दोन एसटी बदलायला लागायच्या. मी त्याचं खरं मानलं आणि भरतीला गेलो.

उंची मोजायच्या स्टँडखाली उभा राहिलो. पट्टी डोक्यावर टेकली, आकडा वाचला, लिहिला. मी शाळेचा दाखला पुढे केला. फौजदारांनी तो पूर्ण वाचला, उलटा करून मागची कोरी बाजूही बघितली, आणि घडी होती तशी घालून परत दिला. म्हणाले, जाहिरातीत सवलतीच्या दाखल्याचा नमुना दिलाय, त्या नमुन्यात आण. मी म्हटलं, कधीपर्यंत? म्हणाले, आज. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या मुलाने पुण्याच्या मैदानातून 'आज' कुठून आणायचा? माझ्या कार्डावर अपात्रचा शिक्का बसला. धावायची पाळीसुद्धा आली नाही. तोवर दीड वर्ष रोज पहाटे धावत होतो मी.

मला घेता येईल अशी भरती त्यानंतर दोन वर्षांनी निघाली. ती दोन वर्षं मी आंब्याच्या बागेत फवारणी केली आणि हंगामात बोटीवर गेलो. काम वाईट नव्हतं. पण माझ्याबरोबर सराव करणारा शेजारच्या वाडीतला मुलगा त्याच भरतीत लागला आणि पुढे प्रत्येक ठिकाणी माझ्या आधी पोचला. खिडकीतल्या माणसाला हे कधी कळलंही नसेल. अजून राग येतो.

दुसऱ्या वेळी काय केलं ते नीट वाच. जाहिरातीच्या शेवटी परिशिष्टं असतात, त्यातला उंची-छातीच्या सवलतीचा नमुना जसाच्या तसा छापून घेतला. त्यात तुझं गाव, तालुका, जिल्हा आणि तिथले रहिवासी कोणत्या गटात धरले जातात ते अधिकाऱ्याने लिहायचं असतं. हा जातीचा दाखला नव्हे, नॉन-क्रिमीलेअरही नव्हे. सोबत तलाठ्याचा रहिवासी दाखला, माझा आणि वडिलांचा शाळेचा दाखला, आजोबांच्या जन्मनोंदीचा उतारा जोडला. लेखी अर्ज दिला आणि आवक क्रमांक घातलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडली नाही. पुन्हा 'देत नाही' म्हणाले तेव्हा म्हटलं, तेवढंच अर्जावर लिहून सही करा. सही कोणी केली नाही, मला वरच्या साहेबांकडे पाठवलं. त्यांनी नमुना वाचला आणि चार दिवसांत दाखला दिला. हातात पडल्यावर गोल शिक्का, जावक क्रमांक, तारीख आणि अधिकाऱ्याचं पदनाम तिथेच तपासून घे. आणि फॉर्म भरायच्या आधी हे उरकून टाक.

(नियम बदलतात. मी नोकरी सोडून बसलेला माणूस आहे, तुझ्या वर्षीची जाहिरात हाच शेवटचा शब्द. तुझा गट कोणता तेही मला माहीत नाही. सवलत बसत नसेल तर राज्य पोलिसांत 165 चालते, तिथूनही सुरक्षेच्या कामाकडे जाता येतं.)

बाकी थोडं थोडं. माणूस सकाळी जास्त उंच भरतो, संध्याकाळपर्यंत सेंटिमीटरभर कमी होतो. रात्रभर जनरल डब्यात उभा राहून, पाठीवर सॅक घेऊन थेट मैदानावर जाऊ नकोस, आदल्या दिवशी पोच आणि आडवा हो. ओहोटीच्या ओल्या वाळूवर धावणं चांगलं, पण 24 मिनिटांत 5 किलोमीटर वाळूवर घेत नाहीत, आठवड्यातून तीन दिवस डांबरावर धाव. उजव्या हातावर गोंदवून घेऊ नकोस. जानेवारी 2024 पासून केंद्रीय दलांच्या शिपाई भरतीची लेखी परीक्षा मराठीतूनही देता येते, जरूर दे, पण हिंदी बोलायची सवय कर. पुढे सगळं हिंदीत चालतं.

बांधावरून, पायवाटेवरून आपल्याकडे भांडणं होतात आणि पोलिसांत तक्रारी जातात. तुझ्या नावावर काही असेल तर फॉर्ममध्ये लपवू नकोस. 31 ऑक्टोबर 1984 ला इंदिरा गांधींवर गोळ्या झाडणारे त्यांच्याच सुरक्षेतले होते, एसपीजी त्यानंतर 1985 मध्ये उभी राहिली. त्यामुळे माणूस कोण, कुठला, कसा हे तिथे पुन्हा पुन्हा तपासतात. कितीतरी तक्रारी त्यांना क्षुल्लक वाटतात, लपवलेली एकही वाटत नाही.

कामाबद्दल फार लिहिणार नाही, लिहायचंही नसतं. पण तू 'पंतप्रधानांच्या शेजारी चालायला मिळेल' असं लिहिलंयस म्हणून सांगतो. त्यांच्याकडे बघायचं नसतं. समोरच्या माणसांचे हात बघायचे असतात. 21 मे 1991 ला श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींसमोर हार घेऊन आलेली बाई पाया पडायला वाकली आणि स्फोट झाला. ते तेव्हा पंतप्रधान नव्हते, म्हणून एसपीजी त्यांच्याबरोबर नव्हती. माजी पंतप्रधानांनाही हे संरक्षण मिळावं म्हणून कायदा त्याच वर्षी बदलला. मी पहिल्यांदा रिंगमध्ये, म्हणजे सुरक्षेच्या कड्यात, उभा राहिलो तेव्हा समोर हार घेतलेली शंभर माणसं होती, आणि दिवस संपल्यावर मला एकाचाही चेहरा आठवेना. हात मात्र आठवत होते. मेंदी लावलेले, कोयत्याचे वण असलेले, एक हात सारखा खिशात जाणारा. त्याच्या खिशात दम्याचा पंप होता.

सात वर्षं गणपतीला घरी आलो नाही. सुट्टीचा अर्ज कोणीतरी मंजूर करेल असं धरून घरच्यांना शब्द देऊ नकोस.

दलात लागल्यावर प्रतिनियुक्तीसाठी स्वतःहून नाव द्यावं लागतं आणि तो अर्ज तुझ्याच युनिटच्या ऑफिसातून पुढे जातो. तिथेही पोच घे. पण ते पुढचं. आता दाखल्याचा नमुना छाप, दोन प्रती काढ, आणि सोमवार सोडून जा, सोमवारी कचेरीत उभं राहायला जागा नसते. पुन्हा 'असा दाखला नसतो' म्हणाले तर अर्जाच्या पोचेचा फोटो इथे टाक, वरच्या साहेबांकडे कसा अर्ज करायचा ते मी लिहून देतो.