कॅक्टसला बी धरायचं तर परकं झाड लागतं

तुम्ही विचारलंय: तीन कुंड्यांत मॅमिलॅरिया (छोटे काटेरी कॅक्टस) आहेत, फेब्रुवारीत तिन्हींवर गुलाबी फुलांचं कडं येतं, दोन वर्षं ब्रशने पराग फिरवला, तरी एकही फळ धरलं नाही, चूक कुठे होतेय? आणि जाता जाता लिहिलंय की दोन कुंड्या पहिल्या झाडाचीच पिल्लं काढून लावलेल्या आहेत. उत्तर त्या वाक्यात आहे.

तुमच्याकडे कुंड्या तीन असल्या तरी झाड एकच आहे. पिल्लू म्हणजे आईचाच तुटलेला तुकडा. वेगळ्या कुंडीत दहा वर्षं वाढलं तरी ते तेच झाड राहतं. आणि मॅमिलॅरियाच्या बहुतेक जाती स्वतःचा पराग स्वीकारत नाहीत. झाड तो पराग ओळखतं आणि त्याच्यापासून बी धरू देत नाही. तुमच्या हातात किंवा ब्रशमध्ये काही कमी नाही.

मलाही हे उशिरा कळलं. आमच्या पुण्याच्या गच्चीवर एकाच झाडाच्या पाच कुंड्या होत्या आणि तीन हंगाम मी त्यांच्यातच पराग इकडून तिकडे नेत होते. मग नाशिकच्या मावसबहिणीकडे त्याच जातीचं, पण दुसऱ्या रोपवाटिकेतून घेतलेलं झाड फुललं. तिने पुंकेसर (फुलातले पराग धरणारे तंतू) बटर पेपरच्या पुडीत घालून पाठवले. त्या वर्षी पहिल्यांदा पांढऱ्या काट्यांतून लालभडक फळं वर आली, अगदी लवंगी मिरचीसारखी. मेक्सिकोत त्यांना ‘चिलितोस’, म्हणजे छोट्या मिरच्याच म्हणतात.

तेव्हा आधी जोडीदार मिळवा. जात तीच हवी, पण झाड बियांपासून आलेलं किंवा वेगळ्या ठिकाणचं असावं. एकाच दुकानातल्या एकाच ट्रेमधली दोन घेतलीत तर ती एकमेकांची पिल्लं असण्याची भीती असते. घेताना विचारा, बियांची आहेत का. आणि विकत घेताना फूल खरं आहे का तेही बघा. चिमुकल्या कॅक्टसवर सुकी रंगीत फुलं गोंदाने चिकटवून विकतात. डिंकाचा थेंब शेंड्यावर बसला की तिथली वाढ खुंटते, मला ते बघवत नाही. लाल-पिवळ्या गोळ्याचं कलमी कॅक्टस बियांसाठी घेऊ नका. त्या गोळ्यात हरितद्रव्य नसतं, तो खालच्या हिरव्या खुंटावर जगतो. त्याच्या बियांतून येणारी तशीच रंगीत रोपं कलम न करता टिकत नाहीत.

आता परागीकरण. ऊन चढून फुलं पूर्ण उमलली की, साधारण अकरा ते तीनच्या दरम्यान करा. फूल दोन-तीन दिवस उघडमीट करतं. मी दुसरा दिवस पकडते, कारण तोवर मधल्या कुक्षीची, म्हणजे पराग घेणाऱ्या भागाची, बोटं सुटून पसरलेली असतात. मोठ्या फुलांना रंगकामाचा शून्य नंबरचा ब्रश चालतो. मॅमिलॅरियाच्या एवढ्याशा फुलात मात्र तो धड शिरत नाही. मी बारीक चिमट्याने एका झाडाचे दोन-चार पुंकेसर काढते आणि दुसऱ्याच्या कुक्षीवर अलगद घासते. पिवळी पूड चिकटलेली डोळ्यांना दिसली पाहिजे. मग त्या फुलाशेजारच्या काट्याला रंगीत लोकरीचा दोरा बांधते आणि वहीत लिहून ठेवते, नाहीतर महिन्याभराने काहीच आठवत नाही. गच्चीवर मधमाश्या येत असतील आणि जात शुद्ध ठेवायची असेल, तर आदल्या संध्याकाळीच झाडावर जाळीची टोपी घाला. दोन झाडं एका वेळी फुलत नसतील तर पुंकेसर नीट सुकवून, पुडीत, सिलिका जेलच्या पाकिटासह घट्ट डबीत फ्रिजमध्ये ठेवा. काही आठवडे पराग चांगला राहतो.

फळासाठी घाई करू नका. मॅमिलॅरियाची फळं कित्येक महिन्यांनी वर येतात. काही जातींत ती अंगातच लपून राहतात आणि पुढच्या हंगामात दिसतात. फूल सुकलं म्हणून ओढून काढू नका. फळ लाल होऊन हाताला सहज सुटलं की काढायचं, पण मुंग्यांच्या आधी! त्या एका रात्रीत बिया नेतात. गर चहाच्या गाळणीत धुवून बिया कागदावर सावलीत वाळवा.

पेरणी मी फेब्रुवारीच्या अखेरीला करते. मेच्या उन्हात रोपं भाजतात, पावसाळ्यात सडतात. पारदर्शक झाकणाचा मिठाईचा डबा घ्या, तळाला भोकं पाडा. चाळलेली जाडसर रेती, विटेचा बारीक चुरा आणि थोडं कोकोपीट हे मिश्रण कुकरमध्ये शिटी न लावता वाफवून गार करा. बुरशी हा रोपांचा सगळ्यात मोठा शत्रू आहे, म्हणून ही पायरी टाळू नका. बिया वरच पेरा, मातीने झाकू नका. त्यांना उजेड लागतो. उकळून गार केलेल्या पाण्यात डबा ठेवून खालून ओल चढू द्या, निथळू द्या, मग झाकून ऊन थेट पडणार नाही अशा उजेडात ठेवा. २५ ते ३० अंश तापमानात आठ-पंधरा दिवसांत हिरवे ठिपके दिसतात. दोन-तीन महिन्यांनी झाकण रोज थोडं थोडं उघडत जा.

परकं झाड मिळेपर्यंत हात बसवायचा असेल तर फ्रायलिया आणा. दक्षिण ब्राझील, उरुग्वे, पॅराग्वे भागातली ही चिमुकली झाडं एकटीच बी धरतात, कित्येकदा फूल न उमलताच. फक्त बिया ताज्या पेरा, वर्षा-दोन वर्षांत त्यांचा जोर जातो. मॅमिलॅरिया प्रोलिफेरा हीसुद्धा एकटी फळते. उलट अॅस्ट्रोफायटम अॅस्टेरियासला परकं झाड लागतंच. टेक्सास-मेक्सिकोच्या रानातून हे कॅक्टस इतकं उपटलं गेलं की आता त्याच्या व्यापारावर कडक निर्बंध आहेत. घरी बियांपासून वाढवलेलं एकेक रोप मला म्हणूनच मोलाचं वाटतं.

आणि रोपं झाली की सगळी वाटून टाकू नका. एकाच फळातली दहा रोपं म्हणजे दहा भावंडं, प्रत्येक वेगळं झाड. काही जोड्या जुळणार नाहीत, म्हणून निदान सहा-सात तरी ठेवा. तीन-चार वर्षांनी ती फुलतील तेव्हा पराग मागायला तुम्हाला कोणाकडे जावं लागणार नाही.