‘सोडून द्या’ हे कार्ड तीनदा निघालं

‘मॅडम, परत तेच कार्ड निघालं. मी राजीनामा द्यायचाच का?’

खुर्चीत नीट टेकायच्या आधीच त्यांनी विचारलं. पर्समधून कार्डांचा संच काढला, वरचं कार्ड उलटं करून माझ्यासमोर ठेवलं. पानं गळालेलं एक झाड, खाली पांढरी जमीन आणि दोनच शब्द: सोडून द्या.

वय ४६, एकोणीस वर्षांची नोकरी. (हे त्यांच्या परवानगीने लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) दिवस लहान होऊ लागले तसं त्यांनी ठरवलं होतं, की या हिवाळ्यात जरा आत वळायचं. रोज रात्री एक ऑरॅकल कार्ड (चित्र आणि छोटा संदेश छापलेलं, कौल घेतल्यासारखं काढायचं कार्ड) काढायचं आणि त्यावर वहीत चार ओळी लिहायच्या. संकल्प चांगलाच होता. पहिले दोन आठवडे त्यांना खरंच मोकळं वाटलं. मग एका रात्री मनासारखं कार्ड आलं नाही म्हणून त्यांनी पुन्हा पिसलं. पुढे तीनदा, पाचदा. एका रात्री अकरा कार्डं झाली. मुलगी पाणी प्यायला उठली होती, ती दारातूनच म्हणाली, ‘आई, तुला हवं ते अजून आलं नाही का?’ त्या वाक्यानंतर त्यांनी समुपदेशनासाठी माझी वेळ घेतली.

वाईट कार्ड निघालं, आता काही वाईट होणार का? कार्ड सांगतंय तसं वागले नाही तर? हा प्रश्न मला दर हिवाळ्यात कुणी ना कुणी विचारतं. माझं उत्तर सरळ आहे. पुढे काय होणार हे कार्डाला कळत नाही. पिसताना हाताला जे लागतं ते निघतं. टॅरो या भविष्य बघायच्या पत्त्यांच्या संचाला निदान ठरलेली ७८ पानं आहेत, आणि तोही पंधराव्या शतकात इटलीत खेळायच्या पत्त्यांचा प्रकार म्हणूनच सुरू झाला. भविष्य बघायला त्याचा सर्रास वापर अठराव्या शतकात होऊ लागला. ऑरॅकल कार्डांना तर संख्येचंही बंधन नाही. ज्याने संच बनवला त्याने ठरवलेली चित्रं आणि त्याने लिहिलेले शब्द, एवढंच.

‘मग ते इतकं बरोबर कसं लागू पडतं?’ त्यांनी विचारलं. रास्त प्रश्न. १९४८ साली बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांना व्यक्तिमत्त्वाची चाचणी दिली आणि नंतर प्रत्येकाला ‘तुझं वर्णन’ म्हणून एक कागद दिला. ते किती जुळतं याला विद्यार्थ्यांनी ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. सगळ्यांच्या हातात एकच मजकूर होता. मोघम वाक्यात रिकामी जागा असते आणि ती आपण आपल्या आयुष्याने भरतो. ‘सोडून द्या’ वाचून ज्याला काहीच आठवणार नाही असा माणूस मला अजून भेटलेला नाही.

पण म्हणून कार्डं फेकून द्या, असं मी म्हणत नाही. ती रिकामी जागा कामाची आहे. मॉर्गन आणि मरे या दोघांनी १९३५ मध्ये मांडलेली चित्रांवरून गोष्ट सांगायची चाचणी याच पायावर उभी आहे: चित्र अर्धवट बोलतं, उरलेलं बघणारा बोलतो. ती चाचणी प्रशिक्षित माणसाच्या हातची असते, घरच्या कार्डांची तिच्याशी बरोबरी करू नये. तरी आपण काय भरलं हे बघायला वही असेल, तर घरीही बरंच हाती लागतं. म्हणून मी त्यांना म्हटलं, ‘कार्ड राहू द्या, वही दाखवा.’

त्या हिवाळ्यात ते झाडाचं कार्ड तीनदा निघालं होतं. आम्ही ती तीन पानं शेजारी शेजारी धरून वाचली. पहिल्यांदा लिहिलं होतं: नोकरी सोडावी. दुसऱ्या पानावर: लेक शिकायला बाहेर जाणार, तिला अडवू नये. तिसऱ्या पानावर पुन्हा नोकरी, मोठ्या अक्षरांत, आणि त्याच्या वर एक ओळ गिचमिड करून खोडलेली. इतकी, की मागच्या पानावर पेनाचा वळ उमटला होता.

‘एकच कार्ड, आणि उत्तरं वेगळी,’ त्या हळूच म्हणाल्या.

‘खोडलं काय आहे?’

बराच वेळ त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘आईचा शेवटचा फोन मी उचलला नाही. मीटिंगमध्ये होते.’ आई गेली त्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं.

राजीनाम्याचा विषय त्या दिवशी पुन्हा निघाला नाही. नोकरी त्यांना नकोशी झाली होती, कारण त्या मीटिंगची खोली त्यांना रोज दिसत होती.

आम्ही काही गोष्टी ठरवल्या. आठवड्यातून एकदाच कार्ड काढायचं. निघालं ते निघालं, परत पिसायचं नाही. धाकधूक वाढली की पुन्हा कार्ड काढलं तर क्षणभर बरं वाटतं आणि पुढच्या वेळी धाकधूक लवकर येते. दाराची कडी पुन्हा पुन्हा तपासणाऱ्या माणसाचं होतं तेच. ‘काय होणार’ किंवा ‘करू की नको’ हे कार्डाला विचारायचं नाही. चित्राकडे बघून पहिलं काय आठवलं, अंगात कुठे काय जाणवलं, तेवढं लिहायचं. सोबतची अर्थांची पुस्तिका लिहून झाल्यावरच उघडायची, आणि माझं मत विचाराल तर उघडूच नये.

आणखी एक गोष्ट मी प्रत्येकाला विचारते, त्यांनाही विचारली. झोप किती? भूक? सकाळी उठवतं का? हिवाळ्यात आत वळणं वेगळं आणि हिवाळ्यात खचणं वेगळं. ऋतूबरोबर येणाऱ्या नैराश्याचं वर्णन नॉर्मन रोझेंथाल आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये केलं: खूप झोप येणं, गोड आणि पिष्टमय खावंसं वाटणं, अंग जड होणं, कशातच मन न लागणं. हे आठवडेच्या आठवडे चाललं असेल तर त्याला आत्मचिंतन समजून कुढत बसू नये, डॉक्टरांना दाखवावं. त्यावर उपचार आहेत, त्यात सकाळच्या तीव्र प्रकाशाचाही एक आहे. आणि जगणंच नको वाटत असेल तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगायचं, कार्ड बाजूला ठेवून. त्यांची झोप उडाली होती, पण बाकी लक्षणं तशी नव्हती. हे दुःख होतं, वर्षभर अडवून धरलेलं.

मग मी त्यांना चार दिवस, रोज पंधरा मिनिटं त्या फोनबद्दल लिहायला सांगितलं. शुद्धलेखन बघायचं नाही, खोडायचं नाही, असह्य झालं तर थांबायचं. पुढच्या वेळी त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. पहिल्या दोन पानांवर ती मीटिंग, घड्याळ, फोनची थरथर. तिसऱ्यावर स्वतःला घातलेल्या शिव्या. चौथ्या पानावर न उचललेला फोन नव्हताच. आई फोनवर कधी ‘हॅलो’ म्हणायची नाही, एकदम विषयालाच हात घालायची, आणि सांगून झालं की निरोप न घेता फोन ठेवून द्यायची, असं तिथे लिहिलं होतं. ते मला वाचून दाखवताना त्यांनी आईचा आवाज काढला.