सी मध्ये मसावि काढायचे दोन प्रोग्रॅम लिहिलेत. दोन्हींचा वेळ शून्यच दिसतो, मग कोणता चांगला हे पायऱ्या मोजून कसं ठरवू?

वेळ शून्य दिसणारच. एवढ्याशा आकड्यांचं काम क्लॉक फंक्शनचा एक ठोका पडायच्या आत उरकतं. मीही विद्यार्थ्यांना आधी काउंटरच ठेवायला लावतो. लाँग लाँग प्रकारचा ग्लोबल व्हेरिएबल घ्या, फंक्शन कॉल करण्याआधी दर वेळी तो शून्य करा (हे हमखास राहून जातं), आणि जी क्रिया मोजायची तिच्या लगतच तो एकाने वाढवा.

कोणती क्रिया मोजायची, इथे मात्र थांबून विचार करा. १०७१ आणि ४६२ घेऊ, मसावि २१. तुमचा पहिला प्रोग्रॅम ४६२ पासून एकेक खाली उतरत दोन्ही संख्यांना भाग जातो का बघतो. लूपच्या फेऱ्या होतात ४४२. पण ४६२ ला भाग गेला तरच १०७१ ची बाकी काढली जाते, आणि असं नऊ वेळा घडतं. म्हणजे भागाकार झाले ४५१. मी फेऱ्या न मोजता भागाकार मोजेन, कारण खरं काम तेच आहे.

तुमचा दुसरा, मोठीतून लहान वजा करत जाणारा, दोन्ही संख्या सारख्या होईपर्यंत ११ वजाबाक्या करतो. दुसरा जिंकला असं वाटेल. आता १०,००,००० आणि ३ द्या. पहिल्याच्या तीनच फेऱ्या, दुसऱ्याच्या ३,३३,३३५ वजाबाक्या! म्हणून एकाच जोडीवर निकाल देऊ नका. सोपी, अवघड, दोन्ही जवळजवळच्या, एक अगदी लहान आणि एक प्रचंड, अशा जोड्या घ्या आणि आकडे वहीत शेजारी शेजारी मांडा.

तिसरा प्रोग्रॅमही जरूर लिहा, युक्लिडचा बाकी घेत जाणारा: मोठीला लहानने भागा, मग लहानला त्या बाकीने, असं बाकी शून्य येईपर्यंत. १०७१ आणि ४६२ वर बाक्या येतात १४७, २१, ०. तीन भागाकारांत काम संपलं. १०,००,००० आणि ३ वर तर दोनच. त्याला सगळ्यात जड जाते फिबोनाची क्रमातली (ज्यात प्रत्येक संख्या आधीच्या दोन संख्यांची बेरीज असते) लागोपाठची जोडी, उदाहरणार्थ ९८७ आणि ६१०. फ्रेंच गणितज्ञ गाब्रिएल लामे यांनी १८४४ मध्ये सिद्ध केलं, की लहान संख्येत जितके अंक, त्याच्या पाचपटीपेक्षा जास्त भागाकार कधीच लागत नाहीत. ६१० तीन अंकी, म्हणजे मर्यादा १५. काउंटर लावून चालवून बघा, १४ येतात.