‘शी मूव्ड थ्रू द फेअर’ हे आयरिश लोकगीत हार्प आणि स्ट्रिंग्जसाठी अरेंज करतोय, डी हा सा धरला तर सी शार्प घेऊ का?

नाही, सी नॅचरलच ठेवा, पण डी वर बसवताय ते एकदम बरोबर आहे. ही चाल मिक्सोलिडियन मोडमध्ये आहे, म्हणजे आपल्या खमाज थाटाचे सूर, कोमल नी, आणि तो नी शुद्ध केला की चाल साधी मेजर वाटायला लागते, सगळा जीवच जातो तिचा. म्हणून शेवटाला ए मेजरवरून डी वर न येता सी मेजरवरून या. डी चा फायदा असा की लीव्हर हार्पवर (तारेचा सूर अर्ध्याने चढवणाऱ्या कळा, म्हणजे लीव्हर, असलेला हार्प) लीव्हर जी मेजरसारख्या लावायच्या, कारण सूर तेच आहेत, आणि गाणं संपेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, शिवाय चेलोला डी आणि ए मोकळ्या तारा मिळतात, त्यावर सा-प धरून ठेवला की निम्मं काम झालं. हार्पवर करंगळी वापरत नाहीत, त्यामुळे एका हाताला एकावेळी चारच सूर द्या, आणि खालच्या तारा बराच वेळ घुमत राहतात म्हणून बासमध्ये दाट कॉर्ड नकोत. व्हायोलिन पहिल्या कडव्यात गप्पच ठेवा, खरंच, हे गाणं मोकळ्या लयीत गातात आणि सगळे एका ठोक्यावर आले की ते आखडतं. फक्त एक बघा, चाल पारंपरिक असली तरी प्रचलित शब्द आयरिश कवी पाड्रिक कॉलम यांचे आहेत, ते १९७२ साली गेले, त्यामुळे आयर्लंडमध्ये शब्दांवर कॉपीराइट अजून आहे, गायनासकट रेकॉर्ड करणार असाल तर आधी परवानगीचं बघून घ्या.