नमुने घ्यायच्या दिवशी चहा नको

अगं, पुण्यात मुठा नदीच्या पाण्याचे नमुने घ्यायला निघालीस तर पहिली गोष्ट: टपरीवरचा चहा परत आल्यावर. कॅफिन ही सांडपाण्याची खूण, आणि आपण ते मोजतो लिटरमागे नॅनोग्रॅममध्ये. बोटाला लागलेला चहासुद्धा निकाल बिघडवतो. माझी पहिली खेप अशीच वाया गेली. सोबत शुद्ध पाण्याची एक बाटली ने, तीही नदीवर उघड आणि तपासायला दे. चूक आपली की नदीची ते कळतं.

एकाच खुणेवर भिस्त ठेवू नकोस. कॅफिन शुद्धीकरण प्रकल्पात बरंचसं नष्ट होतं, म्हणून ते भरपूर सापडलं तर कच्चं मैलापाणी थेट येतंय असा संशय घे. सुक्रालोज, म्हणजे साखरेऐवजी वापरतात तो कृत्रिम गोडवा, मात्र प्रक्रियेतूनही तरून जातं. दोन्हींचं गुणोत्तर बघ, खरी गंमत तिथे आहे: पाणी कच्चं की प्रक्रिया केलेलं याचा अंदाज येतो. कोप्रोस्टॅनॉल ही विष्ठेची खूण, ती नुसत्या पाण्यात शोधत बसू नकोस. आतड्यातले जिवाणू ते कोलेस्टेरॉलपासून बनवतात आणि ते गाळाला चिकटतं, तेव्हा गाळच उचल.

खडकवासला धरणाच्या खाली एक नमुना, विठ्ठलवाडीला एक, मुळा-मुठेच्या संगमाच्या आधी एक. धरणातून पाणी सोडलं की सगळं पातळ होतं, म्हणून विसर्गाचा आकडा वहीत लिहीच. बाटल्या तपकिरी काचेच्या, आणि लगेच बर्फात.