चौदा वर्षांचं सोडा, आधी शाळेचा दाखला काढा

लातूर जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आहे, मोठं आहे म्हणून थोडक्यात सांगतो. धाकटा भाऊ ऑक्टोबर २००९ मध्ये बांधाच्या भांडणातून झालेल्या चुलत्याच्या खुनात आत गेला, २०१२ ला सेशन कोर्टाने ३०२ खाली जन्मठेप दिली, २०१६ ला हायकोर्टाने अपील फेटाळलं, सुप्रीम कोर्टात कोणी गेलंच नाही. सध्या हर्सूल जेलमध्ये आहे. मध्ये एकदा पॅरोलवर आला आणि ३८ दिवस उशिरा हजर झाला. आता गावातला एक जण म्हणतोय, चौदा वर्षं होऊन गेलीत, मंत्रालयात आपली ओळख आहे, तीन लाख द्या, आणतो सोडवून. ताई विचारतात, द्यावेत का? आणि पत्राच्या अगदी शेवटी, सहज लिहावं तसं, "तेव्हा तो बारावीला होता, दाखल्यावर जन्मतारीख १ जून १९९२ आहे."

ताई, नमस्कार. तीन लाख काय, तीन रुपये पण देऊ नका, तो विषय इथेच संपला. तुमच्या पत्रातली खरी गोष्ट शेवटच्या ओळीत आहे. १ जून १९९२ ते ऑक्टोबर २००९ म्हणजे १७ वर्षं ४ महिने. घटनेच्या दिवशी तुमचा भाऊ कायद्याने बालक होता, आणि पोलीस, वकील, सेशन कोर्ट, हायकोर्ट एवढ्या सगळ्यांच्या हातून फाईल गेली तरी कोणी वय विचारलं नाही. आमच्याच वकिलीच्या धंद्यातली चूक आहे ही, लाज वाटते सांगायला, पण अटकेच्या फॉर्मवर पोलिसांनी अंदाजे "वय १९" टाकलं की पुढे तेच वय प्रत्येक कागदावर उतरत जातं.

तुम्हाला वाटेल आता सगळं संपल्यावर काय उपयोग. तर उपयोग आहे. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ९ मध्ये स्पष्ट आहे की मी तेव्हा बालक होतो हा दावा कुठल्याही कोर्टात, कुठल्याही टप्प्यावर, अगदी केसचा शेवटचा निकाल लागून गेल्यावरही करता येतो. उशीर झाला म्हणून दार बंद होत नाही. पुण्यातलं १९९४ चं राठी कुटुंबाचं हत्याकांड जुन्या लोकांना आठवत असेल, सात जणांचे खून, त्यात लहान मुलं आणि एक गरोदर बाई. त्यातल्या एका फाशीच्या कैद्याने रिव्ह्यू, म्हणजे निकालाच्या फेरविचाराचा अर्ज, फेटाळल्यावर राजस्थानातल्या शाळेचा दाखला पुढे केला, सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशांना चौकशी करायला सांगितलं, त्यात वय साडेबारा निघालं आणि मार्च २०२३ मध्ये तो २८ वर्षांनी सुटला. जानेवारी २०२५ मध्येही सुप्रीम कोर्टाने उत्तराखंडच्या एकाला असंच सोडलं, गुन्ह्याच्या वेळी तो १४ चा होता.

आता तुमच्या भावाला कुठला कायदा लागतो हे नीट समजून घ्या, कारण इथे लोकांची फार गल्लत होते. हल्ली पेपरात येतं ना की १६ ते १८ मधल्या मुलाला गंभीर गुन्ह्यात सज्ञान समजून खटला चालवता येतो, ते खरं आहे, पण तो बदल निर्भया प्रकरणानंतर आला आणि लागू झाला १५ जानेवारी २०१६ पासून. (तिथेसुद्धा फाशी नाही, आणि सुटकेची शक्यताच नाही अशी जन्मठेप पण नाही.) तुमची घटना २००९ ची, म्हणजे २००० चा जुना कायदा, आणि त्यात १८ च्या आतल्याला गुन्हा कितीही मोठा असो जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृहात, म्हणजे मुलांच्या सुधारगृहात, ठेवता यायचं, बस्स. तो पंधरा वर्षांच्या वर आत आहे. वय सिद्ध झालं तर अशा केसमध्ये कोर्ट बहुतेक वेळा दोष कायम ठेवतं आणि शिक्षा रद्द करून सुटकेचा आदेश देतं. निर्दोष म्हणून नाही, बालक म्हणून सुटतो. तुमच्या चुलतीचा नवरा गेलाय हे त्यामुळे पुसलं जात नाही, आणि त्यांचा विरोध होणार हे मनात धरूनच चाला.

सगळी लढाई होणार ती त्या १ जूनवर. मराठवाड्यात काय, अख्ख्या महाराष्ट्रात अर्ध्या गावाचा वाढदिवस १ जूनला असतो, गुरुजींनी पहिलीत नाव घालताना जी तारीख टाकली ती, आणि सरकारी वकील नेमकं हेच म्हणणार की ही तारीख अंदाजे आहे. म्हणू देत. वय ठरवण्याचा क्रम २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ मध्येच दिलाय, आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीच्या बोर्डाचं सर्टिफिकेट, ते नसेल तर ग्रामपंचायत नाहीतर नगरपालिकेचा जन्म दाखला, आणि दोन्ही नसतील तरच मेडिकल. आज तिशी ओलांडलेल्या माणसाच्या हाडांच्या एक्सरेवरून सतरा की एकोणीस हे कळत नाही, त्याच्या मागे लागू नका. आधार कार्ड दाखवू नका, तो जन्मतारखेचा पुरावा नाही असं सुप्रीम कोर्टाने २०२४ मध्ये सांगितलंय. सरकार त्याचा कोर्टातला जबाबही काढेल, त्यात त्याने वय २१ सांगितलं असेल तर दाखल्यावरच्या वयाशी हिशोब चुकतो, पण तोंडी सांगितलेलं वय आणि शाळेचं रजिस्टर यात वजन रजिस्टरला.

म्हणून कॉलेजचा दाखला नका आणू, तो दाखल्यावरून दाखला असतो. पहिलीत ज्या जिल्हा परिषद शाळेत नाव घातलं तिथल्या जनरल रजिस्टरचा उतारा हवा, १९९८ च्या आसपासचा, हेडमास्तरांच्या सही-शिक्क्याचा. नाव, बापाचं नाव, आडनाव कोर्टाच्या निकालातल्या नावाशी जुळतंय का बघा, पुण्याच्या त्या केसमध्ये नावातल्या फरकावरून बराच काथ्याकूट झाला होता. तुमची आई म्हणते किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा तो रांगत होता. भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा, दाखल्याप्रमाणे तेव्हा तो सोळा महिन्यांचा, म्हणजे आईचं बोलणं साधारण दाखल्याच्या आसपास येतं, तिचं प्रतिज्ञापत्र जोडू, पण नुसत्या त्यावर काही होणार नाही. आणि एक कृपा करा, कोणी सांगितलं म्हणून आता नवीन जन्म दाखला बनवायला किंवा तारीख दुरुस्त करायला जाऊ नका, आज काढलेला कागद संशयाने बघतात आणि बनावट निघाला तर तुमच्यावरच गुन्हा.

अर्ज औरंगाबाद खंडपीठात करावा असं माझं मत, काही वकील थेट सुप्रीम कोर्टात जातात, तेही चालतं. कोर्ट खालच्या कोर्टाकडून चौकशी करून घेईल, शाळेचे लोक रजिस्टर घेऊन साक्षीला येतील. महिन्याभरात होईल असं समजू नका. पैशाचं म्हणाल तर कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, जेलमधूनच विधी सेवा समितीकडे अर्ज जातो.

राहिलं ते चौदा वर्षांचं. जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत, हे सुप्रीम कोर्टाने १९६१ मध्येच गोपाळ गोडसेच्या केसमध्ये सांगितलंय. चौदा वर्षं ही सरकारने सुटकेचा विचार करण्याआधीची कमीत कमी मुदत आहे, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४३३-अ, तिच्या जागी आलेल्या नवीन संहितेत ४७५. पुढे महाराष्ट्र सरकारची २०१० ची मार्गदर्शक तत्त्वं, त्यात खुनाचे प्रकार पाडलेत, जमिनीचे वाद-भावकीतले खून वेगळे, ठरवून केला की रागाच्या भरात हे वेगळं, आणि त्याप्रमाणे माफी (चांगल्या वागणुकीबद्दल शिक्षेतून कमी होणारे दिवस) धरून किती वर्षं हे ठरतं. भाऊ कुठल्या कॅटेगरीत बसवलाय हे जेलला लेखी विचारा. फेब्रुवारी २०२५ पासून सुप्रीम कोर्टाचं म्हणणं असं की पात्र झालेल्या कैद्याचा विचार सरकारने आपणहून करायचा, अर्जाचीही गरज नाही, मग ओळख कशाला लागते? त्या ३८ दिवसांची मात्र किंमत मोजावी लागेल, उशिराच्या पटीत माफी कापतात. शिवाय पॅरोल म्हणजे अभिवचन रजा, तिचे दिवस शिक्षेत धरत नाहीत, फर्लो म्हणजे संचित रजा, तिचे धरतात. गोव्याच्या कैद्यांनी पॅरोलचे दिवस चौदा वर्षांत मोजा म्हणून सुप्रीम कोर्टापर्यंत भांडून बघितलं, जानेवारी २०२३ मध्ये हरले. म्हणजे तुमचा चौदाचा हिशोब सुद्धा जेलच्या हिशोबाशी जुळेलच असं नाही.

ही चौदा वर्षांनंतरच्या सुटकेची फाईल चालू राहू द्या, वयाचा अर्ज वेगळा चालतो, एकामुळे दुसरं अडत नाही. सोमवारी शाळेत जा, अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या, हेडमास्तर जुनी रजिस्टरं सापडत नाहीत म्हणाले तर तेही लेखीच मागा.